हात त्याचे, आवाज मशीनचा

परवा इथं कुवेतला, रुमैथिया भागात एका गोऱ्या साहेबाच्या फ्लॅटवर एसी बघायला गेलो होतो. तेव्हापासून डोकं जाग्यावर नाही... म्हणून लिहितोय. चुका सांभाळून घ्या, आपण आठवी नापास.

साहेब म्हणजे सत्तरीचा म्हातारा, इंग्लंडचा. इथल्या एका शाळेत पोरांना म्युझिक शिकवतो. एसी उघडून बघतो तर कॉइलवर हा एवढा बर्फ! तो वितळेपर्यंत काही करता येत नाही, नुसतं बसायचं.

आणि मला नुसतं बसवत नाही. जहरा गावातल्या आमच्या रूमवर पोरं रोज शिव्या घालतात, "जेवताना तरी ताट वाजवू नको रे." टूलबॉक्सच्या झाकणावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीचा ठेका धरला.

म्हातारा किचनमधून धावत आला. वाटलं, आता ओरडणार. तर हा समोर बसला आणि टेबलावर बोटांनी असा काही जवाब दिला की मीच ठेका चुकलो!

मला चेव आला. गणपतीला सुट्टीवर चाललोय, गुहागरकडे आमच्या वाडीची बेंजो पार्टी आहे, तिच्यासाठी इथून नवीन इलेक्ट्रॉनिक पॅड घेतलंय, ढोलासकट सगळ्या वाद्यांचे आवाज काढणारं. त्याचा व्हिडिओ दाखवला आणि छाती फुगवून सांगितलं, "सर, वन मॅन, फुल बँड! ढोलवाला खलास!"

म्हाताऱ्याचं हसू गेलं. त्यानं स्वतःच्या मोबाईलवर एक व्हिडिओ लावला.

आईशप्पथ सांगतो... टीव्हीचा जुना प्रोग्राम, लांब केसांची चार पोरं, समोर पब्लिक वेडं झालेलं. आणि मागे ड्रमवर हाच! एकेकाळी यांची स्टेडियमं भरायची, पोरी गाडीला लटकायच्या. बँडचं नाव लिहीत नाही, तुम्ही लगेच सर्च माराल. असला माणूस माझ्यासमोर रबरी चपला घालून बसलेला, एसी गळतो म्हणून...

व्हिडिओ परत लावायला सांगितला. काहीतरी खटकत होतं, वाजवणाऱ्यालाच कळेल असं. काठी अजून वरच आहे आणि आवाज आधीच येऊन गेलेला.

"सर, ये साउंड आपका नहीं है."

म्हाताऱ्यानं मोबाईलवर भाषांतराचं ॲप उघडलं. मग तो मोबाईलमध्ये इंग्लिशमध्ये बोलायचा आणि मोबाईल मला हिंदीत सांगायचा, असं आमचं सुरू झालं.

चौघं एकाच गल्लीतले, गिरणी कामगारांची पोरं. तीन रेकॉर्ड तुफान चालल्या. चौथ्या रेकॉर्डच्या वेळी गिटारवाल्यानं मशीन आणलं, ड्रम त्याच्यातच भरले. याला कोणी बोललंच नाही. रेकॉर्ड बाजारात आल्यावर यानं गाडीत रेडिओवर ऐकलं... आपल्याच बँडचं गाणं, आपण नसलेलं!

त्यानंतरही टीव्हीवर याला मागे बसवायचे. हात हलव, आवाज मशीनचा. सहा महिने हलवले, मग एक दिवस काठ्या तिथंच ठेवून उठून गेला.

पुढं सगळंच फाटत गेलं. गाणारा पिऊन स्टेजवर पडायला लागला. गिटारवाला आणि गाणारा एकमेकांवर कोर्टात गेले, एकाच नावाचे दोन बँड झाले. स्टेडियमचा हॉल झाला, हॉलचा दारूचा गुत्ता झाला, मग काहीच नाही. गाणारा वारला तेव्हा चर्चमधून बाकीचे तिघं तीन दारांनी बाहेर पडले म्हणे.

मी विचारलं, "सर, मशीन पे गुस्सा आता है?"

मोबाईल म्हणाला, "मशीन अच्छी थी. मेरे दोस्त ने मुझे बताया नहीं."

आमचा ढोलवाला खलास मीच केला होता. पार्टीचे मालक बाळ्यादादा, त्यांना दोन महिन्यांपूर्वी मीच फोनवर बोललो, यंदा ढोल नको, माझं पॅड सगळं काढेल. ते म्हणाले, "मग दिल्याला तूच सांग. तुझा दोस्त तो."

दिल्या म्हणजे दिलीप. मला पहिला ठेका माझे हात धरून त्यानं शिकवला. आणि मी त्याला सांगितलंच नव्हतं. गावी गेल्यावर बघू, मिरवणुकीत कळेलच... असंच काहीतरी डोक्यात होतं.

बर्फ वितळला, कॉइल साफ केली, फिल्टर धुतला. कसं केलं आठवत नाही. खाली व्हॅनमध्ये बसून दिल्याला फोन लावला.

"बोला कुवेतचे शेख!"

एका दमात सगळं सांगून टाकलं. आयडिया माझीच होती, हे पण.

दिल्या म्हणाला, "माहीत आहे रे. बाळ्यादादांनी त्याच दिवशी सांगितलं."

"मग बोलला का नाहीस? दोन महिने रोज फोनवर खिदळतोयस माझ्याबरोबर!"

"तू कधी बोलतोस ते बघत होतो."

तोच पुढे म्हणाला, "गेल्या रविवारी ढोलाला नवीन कातड्याचं पान चढवून आणलं. म्हटलं, मेल्याला लाज वाटलीच तर ढोल तयार नको?"

बाळ्यादादांना सांगितलंय, ढोल असेल तर मी. पॅड बाजूला वाजेल. ते म्हणतात, "चार पैसे कमावलेस तर अटी घालतोस काय रे?" घालतो.

मी त्याला फसवत होतो असं मला वाटत होतं... आणि तो दोन महिने माझी वाट बघत होता. त्या म्हाताऱ्या साहेबाला असा एक फोन कोणी केला असता तर? थँक यू सर. तुम्हाला मराठी येत नाही, तरी लिहितो.