वहिनीच्या हाताचं माप

दादाला आज दुपारी अग्नी दिला.

शेजारच्यांनी भाकरी-पिठलं आणलं. आम्ही जेवलो. पिठल्यात मीठ कमी होतं, तेही कळलं.

वहिनी आत भिंतीला टेकून बसली आहे. तिला फोन करू नका. म्हणून मी हे लिहिते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. माझा दादा आटपाडीजवळ डाळिंब करायचा. आजोबा जन्मभर मेंढरांमागे फिरले, वडील अर्धा जन्म. बाग लावून एका जागी राहिलेला घरातला पहिला माणूस दादा.

त्याच्याकडे छोटा ट्रॅक्टर होता. बागेच्या दोन ओळींमधून जाईल एवढा. आणि एक जुनी ट्रॉली. तिला उचलणारा जॅक होता, पण जॅकला तेल देणारं ट्रॅक्टरवर काही नव्हतं. त्यामुळे खत फावड्यानेच ओढायचं.

उन्हाळ्यात मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय फार कमजोर झालंय. वजन उचलायचं नाही.

"फावडं?" दादाने विचारलं.

"फावडंही नाही."

परत येताना त्याने सांगलीत गाडी थांबवली. जॅकला तेल सोडणारा, ट्रॅक्टरच्या मागे बसवायचा हायड्रॉलिक व्हॉल्व्ह घेतला. पाइप घेतले.

औषधं वहिनीने घेतली.

आम्हाला वाटलं, स्वतःसाठी बसवतोय.

मी साताऱ्याहून रविवारी जायचे. तो ट्रॅक्टरखाली, मी नटबोल्टचे पाने घेऊन बाहेर.

"सुमे, सतराचा दे."

मी दिला.

"ह्यो एकोणीसचा हाय. डोळं साताऱ्यात ठिवून आलीस काय गं?"

पहिल्या रविवारी पाइप उलटे लागले. ट्रॅक्टर नुसता घुरघुरला, ट्रॉली जागची हलली नाही, आणि एक जोड सुटून अंगणभर तेल झालं.

वहिनी दारात आली. "आता ह्ये कोण पुसणार?"

"माती टाक की वर."

"मी न्हाई. ज्येनं सांडलंय त्येनं टाकावी."

दादा हसला. त्याला हसतानाही धाप लागायची. माती वहिनीनेच टाकली.

दुसऱ्या रविवारी पाइप बरोबर लागले. फक्त ट्रॉली वर-खाली करायची लिव्हर कुठे बसवायची ते राहिलं होतं.

दादाने वहिनीला हाक मारली.

"बस वर."

"कशाला?"

"बस तर."

ती पदर खोचून सीटवर बसली. हाताला पीठ होतं.

"आता हात मागं कर. वाकू नगंस. जितका सहज जाईल तितकाच."

तिने हात मागे केला. दादाने मडगार्डवर खडूने खूण केली.

मी दोघांकडे बघत होते. दादा सहा फुटी माणूस. त्याच्यासाठी ती लिव्हर वीतभर दूर बसायला हवी होती.

वहिनीला माझ्या आधी कळलं असावं.

"माज्या हाताचं माप कशाला घेताय?"

दादाने खडू खिशात टाकला.

"आवं, मी काय विचारतीय?"

तो ड्रिल उचलायला वाकला. ती उतरली. आत गेली. त्या दिवशी तिने त्याला ताट वाढलं, आणि स्वतः चुलीपाशी जाऊन जेवली.

त्याने तिथेच भोक पाडलं. तिथेच लिव्हर बसवली.

वहिनी त्यानंतर ट्रॅक्टरवर चढली नाही. तो एकदाच म्हणाला, माझ्यासमोर.

"येकदा बसून बघ की."

"तुमी हायसा न्हवं?"

"हाय."

"मग झालं."

पुढे तो तिला काही म्हणाला नाही. मला सांगायचा. मी असले की जेवताना, नसले की फोन स्पीकरवर ठेवून. वहिनी पाठ करून भाकऱ्या थापत असायची. थापण्याचा आवाज मला फोनवर यायचा.

"रेस जरा जास्त द्यायची. लिव्हर मागं वडली की ट्रॉली वर. फुडं ढकलली की खाली. एकदम सोडायची न्हाई, हात ठिवायचा."

"मला कशाला सांगतोस? मला कुठे ट्रॅक्टर येतो?"

"तू ऐक गं."

आज सकाळी वहिनी चहा गाळत होती. तो खाटेवर बसला होता. कप घेऊन ती वळली तेव्हा तो गेलेला होता.

मी साताऱ्याहून पोचले तोवर माणसं जमली होती. लाकडं आणायला ट्रॉली हवी होती. ट्रॉलीत लेंडीखत होतं, काल मजुरांनी भरलेलं.

आमचा चुलतभाऊ ट्रॅक्टरवर बसला. ट्रॅक्टर चालू केला, गोठ्यामागे नेला. पुढचे दांडे ओढून बघितले. ट्रॉली हलेना.

"ह्येचं काय कळंना. फावडी आणा रं."

वहिनी दादाच्या उशाशी बसली होती. बायकांचा तिच्याभोवती गराडा होता. ती उठली.

"कुठं चाललीस गं?" कुणीतरी तिचा हात धरला. तिने तो सोडवला.

मी मागे गेले.

"वैनी, तुमी ऱ्हावा आत," चुलतभाऊ म्हणाला. "आमी करतो की."

"उतर."

तो उतरला. ती चढून बसली. एकाला म्हणाली, ट्रॉलीच्या मागची फळी, फाळका काढ. त्याने काढला.

तिने रेस वाढवली. हात मागे नेला. बघावं लागलं नाही.

ट्रॉली वर गेली. खत सगळं मागे घसरून पडलं. धुरळा उडाला. माणसं फावडी हातात धरून उभी होती.

"झालं, वैनी," कुणीतरी म्हणालं.

तिने लिव्हर पुढे केली. ट्रॉली सपाट बसेपर्यंत हात काढला नाही.

मग उतरली, हौदावर हात धुतले, आत येऊन पुन्हा त्याच्या उशाशी बसली.

हळू आवाजात, त्यालाच म्हणाली,

"आवं, केली रिकामी."

बाहेर लाकडं भरायला लागले होते.

नीट जा, दादा.