भांड्यांची रांग

आमच्या डोंगराची दरड कोसळली तेव्हा सगळ्यात आधी जी मदत आली ती पावांची, आणि तीसुद्धा अंगावर फेकलेली. सगळे मदत म्हणतात म्हणून मीही मदतच म्हणते. नाहीतर मेटाडोरवर उभं राहून पाव भिरकावणाऱ्या त्या माणसाला मी दुसरंच काहीतरी म्हटलं असतं, आणि ते इथे लिहिता येणार नाही.

घाटकोपरच्या डोंगरावर आमची वस्ती होती. ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची, प्लास्टिकच्या कारखान्यात पॅकिंगला जायचे. वडील नव्हते. आई चार घरची धुणीभांडी करायची, आणि धाकटी बहीण सहा वर्षांची. त्या जुलैत चार दिवस पाऊस लागून राहिला आणि पाचव्या दिवशी पहाटे वरची माती सुटली. नशीब एवढंच की ती पाण्याची वेळ होती. वस्तीला नळ एकच, तोही खाली रस्त्यालगत, आणि पाणी पहाटे तासभर यायचं. बायका, पोरं सगळी भांडी घेऊन खाली होती. दुसऱ्या पाळीवरून येऊन गाढ झोपलेले दोघे गेले. बाकीची माणसं वाचली. घरात सुतळीचा तोडा उरला नाही, पण प्रत्येकीच्या हातात एक भांडं तेवढं होतं.

आम्हाला खालच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत ठेवलं. आम्ही वरच्या मजल्यावर, चौथीच्या वर्गात. एका वर्गात अकरा कुटुंबं, बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर भागाकाराची गणितं तशीच. संध्याकाळी ती पावांची मेटाडोर आली आणि गेटबाहेर एकच झुंबड उडाली. कोण कुणाला तुडवतंय पत्ता नाही. आमच्या शेजारची म्हातारी त्यात खाली पडली. म्हातारी मूळची मालवणकडची. नवरा गिरणीत होता, तो कधीच गेलेला, मूलबाळ नाही. सुकट-बोंबील विकून ती एकटी राहायची आणि सगळ्या वस्तीला फुकटचे सल्ले द्यायची. तिचा पाय घोट्यात मोडला. प्लास्टर घालून आणलं आणि आम्ही तिला आमच्याच कोपऱ्यात निजवलं. एवढं करून पाव तिला मिळाला नव्हताच. मी माझ्यातला दिला तर म्हणाली, "भिजलेलो आसा."

आई त्या संध्याकाळी इतकी तापली होती की तिच्याशी बोलायची सोय नव्हती. बायकांना गोळा करून ती म्हणाली, "उद्यापासून नळाची रांग. दुसरं काही न्हाई."

नळाची रांग म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडे रांगेत माणसं उभी राहत नसत, भांडी राहत. हंडा, कळशी, रॉकेलचा डबा, जे असेल ते ओळीत लावायचं आणि आपल्या कामाला जायचं. ज्या बाया तिथे असतील त्या सगळ्यांचीच भांडी पुढे सरकवत. कुणी आजारी असेल, कुणी बाळंतीण असेल, तर तिचं भांडं सगळ्यांच्या आधी. धनीण हजर नसली तरी भांडं भरायचंच. आणि दुसरीचं भांडं कुणी मागे सारलं, तर मग झिंज्या उपटायची वेळ. मी लहानपणापासून या नळावर खूप भांडणं पाहिली, पण आजारी बाईचं भांडं रिकामं परत गेलेलं एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक संस्था आली. टेम्पोवर कापडी फलक, एक फोटोग्राफर, आणि पांढऱ्या सफारीतले एक साहेब. टेम्पोत आट्याच्या पिशव्या रचलेल्या, एकेका कुटुंबाला एकेक. सगळ्यांना पुरणार नाहीत हे आत डोकावून कुणालाही कळलं असतं. शाळेच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत आमची भांडी लागली होती. पहिलं म्हातारीचं जर्मनचं पातेलं, पोचा पडलेलं. आमचा हंडा पार शेवटी, जिन्यापाशी, कारण आई सगळ्यांची भांडी लावून झाल्यावर स्वतःचं लावायला गेली होती.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "माणसं कुठायत?"

"ही काय," आई भांड्यांकडे हात करत म्हणाली.

"अहो बाई, ही भांडी आहेत."

"व्हय. आमची रांग अशीच असते. तुम्ही एकेकात घालत चला. ढकलाढकली न्हाई, आरडाओरडा न्हाई."

साहेब हसले. वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी समजावून सांगितलं की देणगी देणाऱ्यांना फोटो दाखवावे लागतात. एकेकाने समोर यायचं, दोन्ही हात पुढे करून पिशवी घ्यायची, कॅमेऱ्याकडे बघायचं, मग पुढचा. जो हजर असेल त्यालाच.

"हे पहिलं पातेलं वर पडलेल्या म्हातारीचं आहे. तिचा पाय मोडलाय, ती खाली येणार न्हाई," आई म्हणाली.

"तिचं नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी?"

 साहेबांनी बुटाच्या टोकाने ते पातेलं बाजूला सारलं आणि म्हणाले, "चला, चला, पहिला नंबर कोण?"

अगं आई गं! आमच्यात दुसरीचं भांडं मागे सारायला कुणी हात लावत नसे, आणि ह्या माणसाने पाय लावला. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत? पण माहीत नव्हतं म्हणून पाय लावायचा का? बायका एकदम गप्प झाल्या. एरवी ह्यांना गप्प करायला पोलीस लागायचे. आईने पातेलं उचललं, पदराने पुसलं, परत होतं तिथे ठेवलं आणि म्हणाली, "आता कुणीच घ्यायचं न्हाई."

"बघा हं, टेम्पो परत नेईन," साहेब म्हणाले. "बाकीच्या शाळांतही लोक उपाशी आहेत."

कुणी हललं नाही. मी हलले. खोटं कशाला बोलू? बहिणीच्या पोटात आदल्या दिवसापासून अर्धा पाव होता आणि ती सकाळपासून माझ्या ओढणीचा शेव चोखत बसली होती. मी सरळ टेम्पोपाशी गेले, दोन्ही हात पुढे केले, पिशवी घेतली, कॅमेऱ्याकडे पाहिलं. फोटो निघाला. साहेब म्हणाले, "शाब्बास! समजूतदार आहे मुलगी." ते शाब्बास ऐकलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वळले तर आई समोर. मला वाटलं, आता चारचौघांत कानाखाली बसणार. तिने हात उचलला नाही. पातेल्याकडे बोट करून म्हणाली, "ओत."

"आई, तिला भूक लागलीय गं."

"मला दिसत न्हाई व्हय? ओत."

मी दाताने पिशवीचं तोंड फाडलं आणि आटा म्हातारीच्या पातेल्यात ओतला. पातेलं भरून थोडा लादीवर सांडला. साहेब पुढे धावले. "ए, ए! ते तुला दिलंय! तुझ्या कुटुंबाचं आहे ते!"

"दिलंत ना?" आई म्हणाली. "मग झालं. आता ते आमचं. आमच्या आट्याचं काय करायचं ते आम्ही बघू."

"भीक घेता आणि वर हा माज?"

आता मात्र आईचा आवाज चढला. "भीक मागायला कोण आलं होतं तुमच्या दारात? तुम्ही आलात आमच्या. दुष्काळात मी खडी फोडलीय साहेब, दिवसभर फोडून मग सुकडी खाल्लीय. तिथला मुकादमसुद्धा आजारी बाईचा वाटा बाजूला काढून ठेवायचा. तो काही शिकलेला नव्हता."

साहेबांनी टेम्पोचा फाळका लावायला सांगितला. टेम्पो गेला. सबंध शाळेत मिळून आटा आला तो एवढाच, एक पातेलं.

मग बायका आईवर उलटल्या. एकीने तोंडावर विचारलं, "तुझ्या ह्या ताठ्याने पोरांची पोटं भरणार आहेत का गं?" तिचं तरी काय चुकलं? तिची तीन लेकरं होती. मलाही आईचा इतका राग आला होता की मी तिच्याकडे पाठ करून बसले.  शेजारच्या चाळीतल्या एका बाईकडून आईने स्टोव्ह आणि मीठ मागून आणलं, म्हातारीला विचारलं, आणि तो सगळा आटा शिजवून पातळ लापशी केली. आधी पोरांना दिली. सगळ्या पोरांना मिळाली, पण दोन घोटांत संपली. मोठ्या माणसांनी पाणी पिऊन वेळ भागवली. पुढचा दिवसही तसाच गेला, त्याच चाळीतून आलेल्या थोड्याशा भातावर. त्याच्या पुढच्या दिवशी माझी बहीण रडेनाशी झाली. तेव्हा मला खरी भीती वाटली, आणि आईलाही वाटली असणार, कारण तिने उठून बहिणीच्या अंगाला हात लावून पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला.

त्याच दुपारी टेम्पो परत आला. साहेब नाहीत, फोटोग्राफर नाही. त्याच संस्थेतल्या एक बाई होत्या, चष्म्याच्या, छत्री सांभाळत उतरल्या. आटा ह्या वेळी पिशव्यांत नव्हता, गोणीत होता, आणि त्यांच्या हातात माप. व्हरांड्यात भांड्यांची ओळ अजून तशीच लागलेली होती; ती पाहून त्यांनी आईला विचारलं, "कुठून सुरुवात करू?" संस्थेत कुणी कुणाला काय बोललं ते मला आजही ठाऊक नाही. लाज वाटली असेल, नाहीतर गोणी कुठेतरी खपवायच्याच असतील. मी आभार मानले नाहीत. त्या बाईंनी वाकून वाकून एकेका भांड्यात सारखं माप घातलं, पातेल्यापासून जिन्याजवळच्या आमच्या हंड्यापर्यंत. कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या तेव्हा गोणीत मूठभर शिल्लक होता.

पातेलं मी आणि आई वर घेऊन गेलो. म्हातारीला तोपर्यंत सगळी हकीकत कळली होती, आणि ती भिंतीला टेकून वाटच बघत होती.

"दोन दिस पोरांका उपाशी मारलंस!" ती आईवर ओरडली. सगळा वर्ग बघायला लागला. "कोणासाठी? ह्या मोडक्या म्हातारेसाठी? माझे दिस किती रवले? तुका अक्कल आसा काय गो?"

आईने पातेलं तिच्या उशाशी ठेवलं. दोन दिवसांचं उपाशी तोंड, डोळे खोल गेलेले, पण आवाज तसाच खणखणीत.

"मावशे, तुझ्यासाठी कोण उपाशी राहिलंय? आज तुझं पातेलं सारू दिलं असतं, तर उद्या मी पडल्यावर माझा हंडा सारला असता, आणि ह्याच बाया बघत उभ्या राहिल्या असत्या. मी माझ्यासाठी भांडले. तू आपली गप पड आणि पीठ मळायला घे, तुझे हात मोडलेले न्हाईत."