जवसाच्या तेलातली बंदूक

सोमाभाऊंची बंदूक सुटल्याचा आवाज आमच्या गावात कुणी ऐकला नाही. न सुटल्याचा मात्र रोज ऐकू यायचा. दिवस कलला की ते ओसरीवर बसून बोल्ट मागे ओढायचे, पुढे ढकलायचे. खट-खट. त्या आवाजावर आम्ही शेजारणी चुली पेटवायचो.

वडिलांच्या वेळची बंदूक, पीक राखायचा परवाना. सोमाभाऊंची बांधी जंगलाला चिकटलेली, आणि वर्षाचं खाणं तिच्यातल्या धानावर. रानडुकरं शिरली की सकाळी सगळं लोळलेलं. म्हणून ते मचाणावर बसायचे. पण डुक्कर समोर आलं की बोल्ट अडकायचा. मग कपडे धुवायच्या मोगरीनं त्याला ठोके. तोवर डुकरं निवांत जेवून जायची. बोल्ट बसलाच, तर गोळी पेटायची नाही.

"बंदूक सोन्यासारखी हाय," ते म्हणायचे. "इथची हवाच दमट हाय."

हवा कोरडी झाली की दोष गोळीचा. गोळी नवी आणली की डुकराचा, ते म्हणे ऐन वेळी मान वळवतं.

खरा दोष साऱ्या गावाला माहीत होता. सोमाभाऊ बंदुकीला घरच्या जवसाचं तेल पाजायचे. ते वाळलं की त्याचा डिंक होतो. आतली पिन त्यात अशी रुतायची, की घोडा दाबला तरी गोळीला नुसती गुदगुली व्हायची. मी शिवणकाम करते, म्हणून मशीनचं तेल देऊ केलं. तर म्हणाले, "बाई, माह्या बापानं हेच लावलं. घरची गाय सोडून पोराले बाजारातलं दूध पाजते का कोणी?"

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. सोमाभाऊ ती घोंगडीत गुंडाळून न्यायचे, सोबत तेलाची बाटली. जमादाराला बजावायचे, "अधूनमधून लावजा हो."

मग एका वर्षी, धान पोटरीत असताना, संध्याकाळी माझी शेळी त्यांच्या बांधीत घुसली. सोमाभाऊंनी पाहिलं तर बोलणी बसतील, म्हणून मी वाकून, गुपचूप तिच्या मागे गेले. मचाणावरून आवाज आला. टक्. घोडा दाबल्याचा आवाज; धानात वाकलेली मी त्यांना डुक्कर वाटले होते. मी ताडकन उभी राहिले. "सोमाभाऊ, मी हाय!"

ते कसेबसे खाली उतरले आणि बांधीच्या धुऱ्यावर बसून रडले. मीही रडले. शेळी तोवर धान खातच होती. शेवटी दोघांनी मिळून तिला हाकललं.

दुसऱ्या दिवशी खट-खट ऐकू आली नाही. जाऊन पाहते तो सोमाभाऊ वाटीभर जवसाचं तेल बोल्टमध्ये ओतत होते.

"काऊन भाऊ, हे तेल कसं हाय ते आता तरी समजलं ना?"

"समजलं म्हणूनच ओतून राह्यलो," ते म्हणाले. "बापाची वस्तू हाय, टाकवत नाई. पण आता हिच्यानं कोणी मरू नाई."

पुढे ते मचाणावर पत्र्याचा डबा बडवायचे. डुकरं त्याला बंदुकीपेक्षा जास्त भ्यायची, पण हे त्यांच्या तोंडावर बोलायची सोय नव्हती. आता ते बोलणं ऐकून चिडायलाही कुणी नाही, याचं फार वाईट वाटतं.

या उन्हाळ्यात सोमाभाऊ गेले. वहिनीसोबत मी बंदूक ठाण्यात जमा करायला गेले. जमादारानं बोल्ट ओढला, हिसकला, शेवटी खुर्चीतून उठून दोन्ही हातांनी खेचला. हलला नाही.

"बाई, ही कधी चालली तरी होती का?"

"एकदा नाई चालली," मी म्हणाले. "म्हणून तुमच्यापुढं उभी हाय."