रांजणातला बैल

माझे सासरे पंचक्रोशीतले नावाजलेले कुंभार, आणि हे सगळ्यात जास्त त्यांना स्वतःलाच ठाऊक होतं. त्यांच्या रांजणावर बोट वाजवलं की देवळातल्या घंटेसारखा नाद येतो, असं गाव म्हणायचं. गाव विसरलंच, तर सासरे आठवण करून द्यायचे.

सासू माती चाळायची, तुडवायची. चाकाला मात्र बायकांनी शिवायचं नाही, ही आमच्यातली रीत. लग्न होऊन आले तेव्हा मला पहिली ताकीद हीच मिळाली. पोळा जवळ आला की उरल्यासुरल्या मातीचे बैल सासू हातानंच घडवायची. ज्यांच्या दावणीला बैल नसत, ती माणसं ते पुजायला न्यायची. सासऱ्यांच्या लेखी तो बायकांचा रिकामा उद्योग होता.

स्वातंत्र्य मिळायच्या दोन-तीन वर्षं आधी, पोळ्याच्या तोंडावर, घोडेगावच्या बाजारात प्रदर्शन भरलं. सासऱ्यांनी आपला रांजण धाडायचा ठरवला. गाडीत कडबा पसरून तो ठेवला, तेवढ्यात सासूनं आत मातीचा एक बैल सोडला. घराबाहेर जाणारं भांडं रिकामं पाठवायचं नसतं. एरवी मूठभर दाणे घातले असते, पण लढाईपायी धान्य कुठं मिळत होतं!

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बघायला गेलो. मी चार बुकं शिकलेली, म्हणून पाट्या मी वाचल्या. रांजण विळे, दोरखंड आणि सुपांच्या ओळीत होता. वर लिहिलं होतं, कारागिरी. आतला बैल मात्र कुणीतरी काढून पलीकडच्या तंबूत चित्रांशेजारी, पांढऱ्या कापडावर मांडला होता. तिथं लिहिलं होतं, कला. बैलाला पहिलं बक्षीस होतं, आणि खाली सासऱ्यांचं नाव.

सासरे बक्षिसं ठरवणाऱ्या ड्रॉइंग मास्तरांवर उखडले.

"माज्या रांजनाला काय झालं?"

"वापरायची वस्तू ती कारागिरी. नुसती बघायची ती कला," मास्तर म्हणाले.

"अन् बैल पुजायला लागतो, त्यो वापर न्हाई व्हय?"

मास्तर हसले आणि "तुम्ही मोठे कलावंत आहात" म्हणत त्यांच्या खांद्यावर शाल घातली. सासऱ्यांनी ती घेतली. बैल माझा नाही, एवढं म्हणायला काय जात होतं? सासू तोंडाला पदर लावून दुसरीकडं बघत राहिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण नव्या सुनेला चारचौघांत तोंड कुठलं!

बैल घरी आल्यावर सासरे म्हणाले, "देवळीत ठिव. कला हाय ती."

"त्याला येगळं कशाला?" म्हणून सासूनं पोळ्यानंतर इतर बैलांबरोबर तोही ओढ्यात सोडला. शाल मात्र सासरे हिवाळाभर पांघरून हिंडले.

पुढच्या पोळ्याला तिसगावचा एक शेतकरी दारात आला. त्याला तसलाच बक्षिसाचा बैल हवा होता. सासरे "बसा, आत्ता देतो" म्हणाले आणि माती घेऊन बसले. पाय जमले. वशिंड काही बसेना. बसवलं की गळून पडायचं. पाहुणा बघत होता, सासू खाली मान घालून माती तुडवत होती. मला सासऱ्यांची कीव आली आणि थोडी मजाही वाटली.

शेवटी सासऱ्यांनी तो गोळा मोडून टाकला.

"मला न्हाई जमत," ते म्हणाले. "बैल हिचा हाय. त्यो बक्षिसाचाबी हिचाच हुता."

सासू चिखलातून बाहेर आली. नवऱ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. पदर सावरून तिनं पाहुण्याला विचारलं, "केवढा पायजे, दादा?"