डाव्या स्पीकरचं कुंकू

ऐंशीच्या दशकात मुलुंड पूर्वेला ज्या ज्या घरातून गाणं सरळ ऐकू येत होतं, त्या त्या घरी माझे मामेसासरे कधी ना कधी येऊन गेलेले असणार, हे मी पैजेवर सांगतो. बायकोचे हे मामा भांडुपच्या एका कारखान्यातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाले आणि जुन्या स्पीकरांच्या पाठीमागे लागले. पाठीमागे म्हणजे अगदी शब्दशः, कारण स्पीकरचा दर्शनी भाग त्यांनी फारसा पाहिलाच नसेल. त्यांचा जीव मागच्या टर्मिनलांत, म्हणजे तारा जोडायच्या खुंट्यांत. जुन्या पेट्यांना बारके स्क्रू असायचे आणि नव्या अँप्लिफायरच्या जाड तारा त्यांत शिरायच्या नाहीत. लोक मग तारेचे केस कातरायचे, नाहीतर आगपेटीची काडी ठोकून काम भागवायचे. ते पाहिलं की मामा कासावीस व्हायचे. गंजका स्क्रू काढून, भोक कानशीने वाढवून, तिथे टोपीवालं नवं टर्मिनल बसवेपर्यंत त्यांना चहा गोड लागत नसे.

त्यातही त्यांचा खरा राग उलट्या तारांवर. दोन स्पीकरपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या, की एकाचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि गाण्यातला तबला कुठेतरी विरून जातो. मामांना हे दारातच कळायचं. एका सत्यनारायणाला त्यांनी तीर्थ घ्यायला पुढे केलेला हात मागे घेतला आणि यजमानांना म्हणाले, "तुमचा डावा उलटा आहे." यजमान बिचारे उपरण्याची घडी तपासू लागले.

काम झालं की मामा घरातल्या बाईकडे कुंकू मागायचे. प्लसच्या टर्मिनलवर मेणाचं बोट आणि वर कुंकवाचा ठिपका, म्हणजे पुन्हा कुणी चुकायला नको. वरच्या मजल्यावरच्या ख्रिस्ती बाईंनी कुंकू नाही म्हणून लिपस्टिक दिली. "चालतंय की," मामा म्हणाले, "लाल असलं म्हणजे झालं."

ही पद्धत मूळची मामींची. मामांनी जुन्या बाजारातून विलायती स्पीकरांची जोडी आणली, तेव्हा तिच्यावरच्या खुणा पुसून गेल्या होत्या. मामांनी मागून टॉर्चचा सेल तारांना टेकवायचा आणि मामींनी समोरून पडदा बाहेर आला की आत गेला ते सांगायचं, बाहेर आला तर सेलच्या टोपीकडची तार प्लसची, अशी दोघांनी मिळून परीक्षा घेतली. घरात लाल रंग नव्हता, म्हणून मामींनी आपल्या करंड्यातलं कुंकू लावलं. त्याचा त्यांना केवढा अभिमान. "लोकांचे स्पीकर नुसते ढुमढुम करतात," त्या म्हणायच्या, "आमच्यांचा आवाज कसा नाजूक."

मग मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आणि नेमका त्याच आठवड्यात त्यांच्या डाव्या स्पीकरचा गंजलेला स्क्रू तुटला. मला बोलावणं आलं. दोन्हीकडे नवी टर्मिनलं बसवली, जुने ठिपके होते तिथेच नवे लावले आणि मामांनीच शिकवल्याप्रमाणे सेल टेकवून पाहिला. मामी शेजारी मेथी निवडत होत्या. उजव्याचा पडदा बाहेर आला. डाव्याच्या कुंकवाच्या टर्मिनलला सेलची टोपी लावली, तर पडदा आत गेला. पुन्हा लावली, पुन्हा आत.

"मामा, हा तर..."

"बाहेर आला ना?" मामांनी हिरव्या पट्टीखालून विचारलं. इतक्या कडक आवाजात ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते.

"हो. आला बाहेर."

"येणारच," मामी मेथीतून मान वर न करता म्हणाल्या. "मी बघितलं होतं तेव्हा."

मी निमूटपणे तारा होत्या तशाच, म्हणजे उलट्याच जोडल्या. मामा मला जिन्यापर्यंत सोडायला आले. "तेव्हा गॅसवर दूध होतं हो, जावईबापू. तिचं अर्धं लक्ष तिकडे. मला पहिल्याच गाण्याला कळलं."

"मग सांगितलं का नाही?"

"ठिपका लावून ती म्हणाली, मलापण कळतं हो तुमच्यातलं. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा म्हणाली. आता त्यावर मी काय बोलणार?"

साऱ्या मुलुंडच्या तारा सरळ करणारा हा माणूस रोज संध्याकाळी स्वतःच्या घरी तबला हरवलेलं गाणं ऐकत होता, आणि मान डोलवत होता. त्या दिवशी मला ते फार आवडले.

दोन वर्षांनी मामी गेल्या. दिवसकार्य आटोपल्यावर एकदा सहज डोकावलो, तर गाणं चालू होतं. तसंच, नाजूक. डाव्या स्पीकरवरचा ठिपका पुसट झाला होता. मी चाचरत म्हटलं, "मामा, आता सरळ करून देऊ का? दोन मिनिटांचं काम."

मामा उठून देवघराशेजारच्या फळीवरून मामींचा करंडा घेऊन आले. आता त्यांना वाकायची मनाई नव्हती, पण गुडघे टेकायला वेळ लागला. बोटाने आधी मेण आणि मग कुंकू त्यांनी त्याच चुकीच्या टर्मिनलवर लावलं. झाकण लावून करंडा फळीवर ठेवायला मला दिला आणि म्हणाले, "बसा. चहा टाकतो."