आधी हवा कापायची

सायखेड्याच्या रंगनाथ कुट्यांनी, म्हणजे सगळ्यांच्या नानांनी, सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर सव्वीस वर्षं काढली. त्यातली निम्मी त्यांनी हवा कापण्यात घालवली, असं शिकाऊ पोरं म्हणत. जॉब, म्हणजे कापायचा लोखंडी तुकडा, यंत्रावर बांधला की नाना कापायचं टूल आधी बोटभर लांबून नुसतंच फिरवायचे. कुठं अडत नाही, आपटत नाही, हे बघायचं आणि मगच लोखंडाला भिडायचं. "लोखंड एकदा कापलं की चिकटत नाय," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. नाना घाससुद्धा आधी हवेत फिरवून मग तोंडात घालतात, अशी कॅन्टीनमध्ये वदंता होती.

२००२ साली डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी उडत्या चुऱ्यापासून लांब राहायला सांगितलं. कंपनीनं दोन वाटा दाखवल्या. ड्रॉइंग ऑफिसात तीन महिने कॉम्प्युटरवर काम करून दाखवा, नाहीतर स्वेच्छानिवृत्ती घ्या. नानांना घरी बसायचं नव्हतं. घरी बसलेला नवरा लंकाबाईंना फारच मोकळा दिसतो, हे त्यांना रविवारच्या अनुभवावरून ठाऊक होतं.

शिकवायला पंचवीस वर्षांच्या उज्वला मॅडम. कॉम्प्युटरचा पडदा काळा, त्यावर पांढरी अक्षरं, चित्राचं नाव नाही. 'एलएस' म्हटलं की तो फाइलींची नावं दाखवी, 'सीडी' म्हटलं की सांगितलेल्या फोल्डरात जाई, 'आरएम' म्हटलं की पुसून टाकी.

"आणि पुसलेलं परत येत नाही बरं का, नाना."

"लोखंडासारखंच की," नाना म्हणाले आणि त्यांचं त्या यंत्राशी जमलं.

मग आली स्क्रिप्ट. हुकूम एकाखाली एक लिहून ठेवायचे, यंत्र ते ओळीनं पार पाडतं. यात नानांना नवल वाटलं नाही. लंकाबाईंची बाजाराच्या दिवशीची चिठ्ठी अशीच असे. नवल वाटलं ते 'एको'चं.

"हुकमाच्या आधी 'एको' लावलं," मॅडम म्हणाल्या, "की यंत्र काही करत नाही. काय करणार होतं ते नुसतं लिहून दाखवतं."

"म्हंजे हवा कापतं," नाना म्हणाले. त्या दिवशी त्यांनी डबा चवीनं खाल्ला.

तीन महिने संपायला चार दिवस उरले असताना ऑफिसचे साहेब आले. डिस्क भरली होती, जुन्या ड्रॉइंगचं फोल्डर जेवणाआधी रिकामं हवं होतं. नानांनी दोन ओळी लिहिल्या : जुन्या फोल्डरात जा, तिथलं सगळं पूस. दुसऱ्या ओळीआधी त्यांनी 'एको' लावलं.

"नाना, दोन ओळींचं काम आहे," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "त्याला मुहूर्त काढताय का?"

"झालंच, साहेब."

पडद्यावर पुसल्या जाणाऱ्या फाइलींची नावं उमटली. नाना बघतच राहिले. ही नावं त्यांच्या ओळखीची होती. यातल्या एका ड्रॉइंगचा भाग, एक फ्लँज, तर आत्ता खाली लेथवर बांधलेला होता.

"मॅडम, जरा या. ही मंडळी जिती हाईत."

उज्वला मॅडमनी वाकून पाहिलं. सगळ्यात वर एक ओळ होती : असं फोल्डर नाही. यंत्राला खोली सापडली नव्हती. म्हणून ते उभं होतं तिथंच, चालू ड्रॉइंगांच्या मधोमध, झाडू घेऊन सज्ज झालं होतं.

"त्या फोल्डरचं नाव मी काल बदललं," मॅडम हळूच म्हणाल्या. "सांगायचं राहिलं. साहेब, चूक माझी."

साहेबांनी घड्याळ बघायचं सोडलं.

"चूक कुणाची का असंना," नाना म्हणाले. "आजून हवाच कापलीय."

साहेबांनी नानांच्या कायम बदलीच्या कागदावर उभ्याउभ्याच सही केली. चार दिवसही थांबले नाहीत.

रात्री लंकाबाईंनी सगळी हकिगत ऐकून घेतली. "गिरणी जागेवर नसली, तर माणूस रस्त्यात दळण मांडून बसतो का? घरी येतो. एवढं बी सांगावं लागतं त्याला?"

"लागतं."

"मग तुमचाच भाऊ हाय तो."

दुसऱ्या दिवशी नानांनी मॅडमना विचारून स्क्रिप्टीत एक ओळ वाढवली : फोल्डर सापडलं नाही, तर तिथंच थांब. मग फोल्डरचं नवं नाव घातलं, ते दोनदा वाचलं आणि पुसायच्या ओळीआधी 'एको' आहे ना, हे बोट ठेवून पाहिलं.