दादाला लघवी झाली ती दुपार

म्हसा गावच्या जत्रेत बैलानं दादाच्या मांडीत शिंग खुपसलं, तेव्हा मी मुरबाडला दवाखान्यात कंपाउंडर होतो. त्याला घेऊन आलेल्या गाडीतला पेंढा लाल झाला होता. दादा माझा सख्खा थोरला भाऊ, आणि त्याचे हात थंडगार. डॉक्टर फेरीवर गेलेले. मी जखम दाबून बांधली आणि मग आमच्याकडची रीत केली. बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवतात तशी निखाऱ्यांची शेगडी त्याच्या खाटेखाली सरकवली, वर दोन घोंगड्या घातल्या. दादाच्या चेहऱ्यावर लाली आली. मी खूश! नाडी मात्र बोटाखालून निसटायला लागली.

डॉक्टर आले आणि त्यांनी शेगडी पायानंच बाहेर सारली. "उरलंसुरलं रक्त कातडीकडे ओढतोयस, गाढवा! आतल्या अवयवांनी काय करायचं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शहाणा म्हणवणारा मी, भावाला शेकून मारत होतो.

शिरेतून मिठाचं पाणी सुरू झालं. संध्याकाळी नाडी भरली, दादा बोलू लागला, आई पेज भरवायला बसली. डॉक्टर मात्र लघवीच्या रिकाम्या भांड्याकडे बघत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "रक्त आटलं की शरीर काळीज आणि मेंदू सांभाळतं, मूत्रपिंडाचा पाट बांधून टाकतं. तो सुटला नाही तर हा बोलता बोलता जाईल."

"मग सोडतं कोण?"

"गांधीलमाशी चावली की कातडी लाल होऊन फुगते ना? त्यात हिस्टामिन असतं. आपल्या अंगातही असतं, बारीक शिरा सैल करतं. कदाचित तेच आतही हे काम करत असेल. नक्की कुणाला ठाऊक?"

मी थक्कच झालो. गांधीलमाशीच्या ज्या विषावर आम्ही चुना लावतो, त्यातल्याच जिनसावर दादाचा जीव अवलंबून!

दुसऱ्या दुपारपर्यंत भांडं कोरडंच होतं. मग दादा एकदम म्हणाला, "तोंडं तिकडं करा रे, मला लघवीला आलीय."

भांडं मीच धरलं. कोऱ्या चहाच्या रंगाची, जेमतेम अर्धी वाटी. थांबून आणखी थोडी. आम्हा कुणालाही न विचारता आतली वाट उघडली होती. डॉक्टरांनी भांडं उजेडात धरलं आणि ते पहिल्यांदा हसले.

आई घाबरून पुढे आली. "काय झाला रे? बरा नाय का?"

"वाचला गो आई, दादा वाचला."

तिनं पदर सावरला आणि त्या भांड्याला हात जोडले. मीही जोडले.